बाहुली श्वास घेत नाही

मी एकतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची आठ शिकवण्यात, आणि त्या आठ वर्षांत इंदूर आणि आसपासच्या किती आशादीदी माझ्या हाताखालून गेल्या ते आता आठवतही नाही. (इकडे मध्यप्रदेशात आशाताई कोणी म्हणत नाही, आशादीदीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.) नवजात बाळाची तपासणी आम्ही प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकवायचो. हॉलमध्ये चाळीस बाया, पाच बाहुल्या. बाहुलीला झोळीच्या काट्यात टाकून वजन करता येतं, काखेत थर्मामीटर लावता येतं, टोपी-मोजे घालून नीट गुंडाळता येतं, छातीशी धरून कांगारू पद्धतही दाखवता येते. एकच गोष्ट करता येत नाही. बाहुली श्वास घेत नाही.

आणि नवजात बाळाच्या तपासणीत सगळ्यात अवघड काम तेच असतं, श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका, हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहायचो, बाया वहीत उतरवून घ्यायच्या, परीक्षेत विचारलं की सगळ्या बरोबर लिहायच्या. आम्ही खूश, त्याही खूश.

रिटायर झाल्यावर एकदा मानपूरच्या पुढे एका फलियात (आदिवासी वस्तीत) जाणं झालं. आमच्याच एका बॅचमधली दीदी तिकडे काम करते, तिच्याबरोबर सात दिवसांच्या बाळाला बघायला गेले होते, सहज, काही तपासायला म्हणून नाही. घरात अंधार, चुलीचा धूर, बाळ आईच्या अंगाशी दोन लुगड्यांत गुंडाळलेलं, सासू दारात उभी, शेजारच्या चार बाया आत डोकावतायत, एक मोठं पोर रडतंय. दीदीने कापड जरासं बाजूला केलं, घड्याळ काढलं, पंधरा सेकंद मोजले, चौदा आले, चौक छप्पन्न, रजिस्टरमध्ये लिहिलं, ठीक. मला राहवलं नाही. मी कापड पूर्ण वर केलं, पोट नीट दिसेल असं, बाळ दूध पिऊन शांत होईपर्यंत थांबले आणि पूर्ण मिनिट मोजलं. सहासष्ट. परत मोजलं, चौसष्ट. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती.

नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालतच नाही हो. मध्येच भराभर घेतं, मध्येच पाच-सात सेकंद थांबतं, परत सुरू. म्हणून पंधरा सेकंद मोजून चौपट करणं चालत नाही, पूर्ण साठ सेकंदच मोजायला लागतात, आणि साठ किंवा जास्त आले तर परत एकदा मोजायचं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, मीच सांगितलं होतं, पण तिने ते ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं. बाळाला त्याच संध्याकाळी गाडीने दवाखान्यात नेलं, ते वाचलं. पण परत येताना बसमध्ये मी एवढाच विचार करत होते की ही चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला ते काम कधी करूच दिलं नव्हतं. मी तिला बाहुली दिली होती.

म्हणून हे लिहायला बसले. गावाकडच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपण म्हणतो आशांना चांगलं ट्रेनिंग द्या, आणि त्याचा अर्थ आपल्या डोक्यात, सरकारच्या डोक्यातही, अजून एक हॉल, अजून पाच दिवस, अजून एक मॉड्यूल (ट्रेनिंगचं पुस्तक) असाच असतो. मला वाटतं हॉलमधले दिवस वाढवून काहीही होणार नाही. शिकवणाऱ्याने तिच्या गावात जायला पाहिजे, तिच्याबरोबर त्या घरात बसायला पाहिजे, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं, महिन्यातून एक-दोनदा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी गोष्ट नाही, आपल्या मराठी मुलखात हे आधीच करून दाखवलेलं आहे, दोन-दोन ठिकाणी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दोघांनी १९७० साली काम सुरू केलं तेव्हा गावातल्या, कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या बाया निवडल्या, आणि त्या बाया आठवडा-आठवड्याला केंद्रात यायच्या, आपापल्या गावात काय झालं ते सांगायच्या, त्याच्यावरूनच पुढचं शिकायच्या. आधी तीन महिने शिकून घ्या आणि मग जन्मभर काम करा असं नव्हतंच ते. त्या दोघांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं हे आपल्याला पाठ असतं, पण त्या बाया दर आठवड्याला शिकत होत्या हे कोणी बोलत नाही.

दुसरं गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांमध्ये आरोग्यदूत बाया तयार केल्या, घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी, गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा, आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गाजलं. पण त्या पद्धतीत एक सुपरवायझर दर पंधरा दिवसांनी गावात जायचा, तिच्याबरोबर घरी जाऊन तिचं काम बघायचा आणि तिथल्या तिथे सुधारायचा. आपल्या देशाने पुढे त्यातली घरभेट घेतली, तीच आजची एचबीएनसी, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. भेटी घेतल्या, तारखा घेतल्या, फॉर्म घेतला. पण तो पंधरा दिवसांनी येणारा माणूस मात्र वाटेत कुठेतरी गळाला. कागदावर आहे म्हणा, दहा-वीस आशांमागे त्यांचं काम बघायला एक सहयोगी असते, पण मी ज्या सहयोगींना भेटले त्यांचा बहुतेक वेळ रजिस्टर गोळा करण्यात, बिलं भरण्यात आणि मीटिंगमध्ये जातो. दीदीबरोबर बसून बाळाचा श्वास मोजणारी सहयोगी मी एकच बघितली, आणि ती आधी एएनएमचा, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सचा, कोर्स केलेली होती.

नेमकं हेच मधलं माणूस नसलं की काय होतं ते आपल्या देशाने याआधी दोनदा बघितलंय. १९७७ साली २ ऑक्टोबरला केंद्राने गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना सुरू केली, तीन महिने ट्रेनिंग, महिन्याला ५० रुपये मानधन, औषधाची पेटी. निवडले गेले मुख्यतः पुरुष, ज्यांना बाळंतिणीच्या खोलीत कोणी पाऊल ठेवू देणार नाही असे. ट्रेनिंग झालं, पेटी दिली, नंतर पाठीमागे कोणी नाही. ती योजना नाव बदलून काही वर्षं चालली आणि विरत गेली. मग १९९५ साली आपल्याच मध्यप्रदेशात जनस्वास्थ्य रक्षक आले. गावातली शिकलेली पोरं, सहा महिने ट्रेनिंग, पुन्हा पाठीमागे कोणी नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी गावात खासगी प्रॅक्टिस टाकली, इंजेक्शन आणि बाटल चढवायला लागले. मी त्या पोरांना दोष देत नाही. शिकवून एकटं सोडलं की माणूस जिथे पैसा आणि मान मिळेल तिकडे जाणारच.

२००५ साली आशा आली तेव्हा निदान एक गोष्ट बरोबर केली, बाई घेतली, आणि तीही त्याच गावची सून, साधारण आठवी-दहावी शिकलेली, हजार वस्तीमागे एक, आदिवासी भागात तर फलिया-टोल्यामागे एक. ती पळून कुठे जाणार नाही, तिचं घरच तिथे आहे. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत, २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स म्हणून सन्मान केला, आणि ते अगदी योग्यच झालं. आपल्या राज्यात २००५-०६ च्या सर्वेत दवाखान्यात होणाऱ्या डिलिव्हरी चौथा हिस्सा किंवा थोड्या जास्त होत्या, २०१९-२१ च्या सर्वेत त्या ९० टक्क्यांच्या वर गेल्या. रात्री-अपरात्री बाईला उठवून, जननीच्या गाडीत बसवून, घरच्यांची समजूत काढून हे कोणी केलं? त्यांनीच केलं. जननी सुरक्षा योजनेचे आईला १४०० रुपये मिळतात म्हणून झालं असं काही लोक म्हणतात, पण नुसत्या पैशाने कोणी रात्री दोन वाजता घराबाहेर पडत नाही, हात धरून नेणारी बाई लागते.

पण आता दुसरा आकडा बघा. २०२० च्या एसआरएसमध्ये (सरकारच्या जन्म-मृत्यूच्या नमुना सर्वेत) मध्यप्रदेशात हजार जन्मांमागे ४३ बाळं वर्षाच्या आत गेली. देशात सगळ्यात जास्त. देशाची सरासरी २८, केरळची ६. म्हणजे डिलिव्हरी दवाखान्यात गेली, पण बाळ घरी येतं ना हो परत. एक-दोन दिवसांत सुट्टी देतात, आणि मग थंडी, कमी वजन, इन्फेक्शन, न्यूमोनिया हे सगळं त्या अंधाऱ्या खोलीत होतं जिथे डॉक्टर नाही, नर्स नाही, फक्त दीदी जाते, आणि तिच्या हातात जे आहे तेवढंच त्या बाळाच्या वाट्याला येतं. बाईला दवाखान्यापर्यंत नेणं एकदा समजावून जमतं, पण बाळ आजारी आहे हे ओळखणं समजावून जमत नाही, त्याला हात आणि डोळा तयार व्हावा लागतो. नवीन नर्सिंगच्या मुलींना आम्ही वॉर्डात महिनोन् महिने उभ्या करायचो तेव्हा कुठे त्यांना आजारी बाळ लांबून ओळखू यायला लागायचं. दीदीकडून मात्र आपली अपेक्षा अशी की बाहुली बघून तिला ते यावं.

इंदूरकरांना मी एक साधी गोष्ट आठवून देते. आपण ओला-सुका कचरा वेगळा करायला कसे शिकलो? कोणी आपल्याला हॉलमध्ये बसवून पाच दिवस शिकवलं का? गाडी रोज सकाळी दारात आली, गाणं वाजवत आली, आणि त्या गाडीवरच्या पोराने डबा बघून तोंडावर सांगितलं की काकी, यात प्लास्टिक आहे, काढा. पहिल्यांदा राग आला, मलाही आला. दुसऱ्यांदा काढलं. महिनाभरात सवय झाली. २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले येतो ते त्या दारात रोज येणाऱ्या माणसामुळे. लाखो घरं दारात येऊन शिकवता येतात हे ज्या शहराने करून दाखवलं, त्या शहरापासून तासा-दीड तासावरच्या दीदीच्या दारात महिन्यातून एकदा नर्स जाऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

आता भाषेचं. आपण इंदूरचे मराठी लोक, घरात मराठी, बाहेर हिंदी, भाजीवाल्याशी थोडी माळवी, आपल्याला तीन भाषांमध्ये उड्या मारायची इतकी सवय आहे की दुसऱ्याला त्रास होतो हे लक्षातच येत नाही. मॉड्यूल हिंदीत आहेत. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीच्या घरांमध्ये भिली, भिलाली, बारेली बोलतात. दीदीला हिंदी येतं, वाचताही येतं, पण तिने घरात जाऊन बोलायचं असतं तिच्या बोलीत, आणि श्वसन दर हा शब्द तिथे कोणाच्या कानावर नाही. लोक म्हणतात पसली चल रही है, म्हणजे बरगडी चालते. आमची आजी त्यालाच डबा झाला म्हणायची. मी त्या फलियातल्या सासूला म्हटलं सांस तेज है तर तिने मान हलवली आणि गप्प बसली, दीदीने तिच्या बोलीत पसलीचं काहीतरी सांगितलं आणि ती ताडकन उठून आत सामान बांधायला गेली. गाडी यायच्या आधी ती तयार होती! पूर्ण ट्रेनिंगभर मी हा शब्द एकदाही वापरला नव्हता. २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं मोठा कार्यक्रम करून निघाली, चांगलंच आहे, डॉक्टर होणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावं हे ज्यांना पटलं त्यांना भिल बाईला तिच्या बोलीत शिकवावं हेही पटायला हरकत नसावी. पुस्तक छापायची गरजही नाही बहुतेक, त्यांचीच एक हुशार दीदी शिकवायला उभी करा, झालं.

आणि त्याच शब्दामागे एक भयंकर गोष्ट आहे. पसली चालते म्हणून बाळाच्या पोटावर गरम सळईने डाग द्यायची प्रथा आपल्या राज्याच्या आदिवासी भागात अजून गेलेली नाही, शहडोल-उमरियाकडून त्याच्या बातम्या येतच असतात. वाचून आपण हळहळतो, अंधश्रद्धा म्हणतो आणि पान उलटतो. पण त्या आईला बाळ आजारी आहे हे कळलेलं असतं ना, तिने काहीतरी करायचं म्हणून केलेलं असतं. त्याच्या दोन दिवस आधी कोणी श्वास मोजला असता आणि तिच्या शब्दांत सांगितलं असतं तर सळई तापवायची वेळच आली नसती.

सगळ्या देशाला एकच मॉड्यूल हेही मला कधी पटलं नाही. झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं गुजरातला कामाला जातात, त्यातली किती तरी गोधरा, बालासिनोरकडच्या दगड दळायच्या कारखान्यांत गेली आणि फुप्फुसात गारगोटीची धूळ घेऊन परत आली, सिलिकोसिस. ती खोकतात, वाळतात, आणि त्यांना टीबीची औषधं दिली जातात, कारण दीदीला खोकला म्हटलं की टीबीच शिकवलेला असतो. माणूस कुठे कामाला गेला होता हा एक प्रश्न विचारायला शिकवलं तरी केवढा फरक पडेल. तसंच सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, २०२३ साली शहडोलहून त्याचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, तपासणी होते, कार्ड मिळतं, पण ज्या पोराला ताप आला की हाडं ठणकतात त्याला पाणी किती पाजायचं, थंडीत काय जपायचं, कधी धावत न्यायचं हे कार्डाने होत नाही. काही गावांमध्ये पाण्यात फ्लोराइड, त्याने दात-हाडं खराब होतात. आणि या सगळ्याच्या वर स्थलांतर, गरोदर बाई सातव्या महिन्यात नवऱ्याबरोबर गुजरातला जाते, तिथेच बाळंत होते, मग इथल्या दीदीच्या सहा भेटी कुठे करायच्या? ती बाई यादीतून गळते एवढंच. तिच्याबरोबर कार्ड द्यायचं, तिथल्या दवाखान्याचं नाव-पत्ता आधीच शोधून द्यायचा, फोन करायचा, हे काही दीदी आपल्या मनाने करतात, ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही. म्हणजे त्यांच्याकडून आपणच शिकायला पाहिजे आणि मग बाकीच्यांना शिकवायला पाहिजे.

माझा भाचा डॉक्टर आहे, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, गरिबाला आठवी पास बाई आणि आपल्याला एमडी, हा न्याय आहे का, त्यापेक्षा गावात डॉक्टर पाठवा म्हणा. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टर पाहिजेतच. आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा नियम आहे आणि तिथे डॉक्टर असलाच पाहिजे, त्याच्यासाठी भांडायलाच पाहिजे. पण असं धरा की प्रत्येक केंद्रात डॉक्टर बसला, अगदी मनापासून काम करणारा, तरी वीस हजार लोकांच्या फलियाफलियात जाऊन सातव्या दिवशी प्रत्येक बाळाचं कापड वर करून बघणं त्याला शक्य आहे का? ते काम डॉक्टरचं नाहीच, कुठल्याच देशात नाही. ते शेजारणीचं काम आहे. दीदी डॉक्टरच्या जागी नाही, ती डॉक्टरच्या आधी आहे. आणि नीट शिकलेली दीदी असेल तरच त्या डॉक्टरकडे बाळ वेळेवर पोचणार, नाहीतर तो केंद्रात बसून उशिरा आलेली बाळं बघणार.

पण डॉक्टरांनीही एक शिकायला पाहिजे, हे मात्र मी भाच्याला सुनावलं. दीदी बाळ घेऊन दवाखान्यात येते तेव्हा काय होतं? एका मोठ्या दवाखान्यात मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, नाव घेत नाही. दीदी रात्रभर प्रवास करून आई आणि बाळाला घेऊन आलेली, हातात रेफरची चिठ्ठी, त्यावर श्वास, ताप, वजन सगळं नीट लिहिलेलं. गार्डने तिला बाहेर ठेवलं, एकच नातेवाईक आत जाणार म्हणून. आत ड्युटीवरच्या मुलाने चिठ्ठी न वाचता बाजूला ठेवली आणि आईला पहिल्यापासून विचारायला लागला, कधीपासून आहे, काय होतंय, आणि आई बिचारी अठरा-एकोणीस वर्षांची, घाबरलेली, हिंदीत उत्तर देता येईना. जिला सगळं माहीत होतं ती बाहेर लादीवर बसली होती. त्या दिवशी दीदीने काय शिकलं असेल सांगा बरं? की मोजून, लिहून काही उपयोग नाही. आपण पाच दिवसांत शिकवतो ते एका मिनिटात पुसून जातं. म्हणून मी म्हणते की दीदीचं ट्रेनिंग दवाखान्याच्या गेटवर पण होत असतं, आणि तिथे गार्ड शिकवतो.

याच्यावर उपाय अगदी सोपा आहे, खर्च नाही. हल्ली एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यायला लागतात, अभ्यासक्रमातच आहे. आपल्या इंदूरात १८७८ पासून डॉक्टरी शिकवली जाते, आता तर कॉलेजंही कितीतरी झाली, दरवर्षी शेकडो मुलं. ही मुलं बसने एकत्र जातात, बीपी मोजतात, फोटो काढतात, परत येतात. त्यांना दीदीच्या हाताखाली द्या ना. तिच्याबरोबर घरात जाऊ दे, श्वास दोघांनी मोजू दे आणि आकडा जुळवून बघू दे. तिला हात मिळेल आणि त्याला हे कळेल की ही बाई काय काय करते, मग पाच वर्षांनी तिची चिठ्ठी त्याच्या टेबलावर येईल तेव्हा तो ती वाचेल.

दीदी ज्यात माहिती भरतात त्या फोनमधल्या अॅपचं म्हणाल तर मला त्याचा तिरस्कार नाही, काही गोष्टी चांगल्या झाल्यात, फोनवर डॉक्टरशी बोलता येतं, नेटवर्क असेल तर. पण अॅप आकडा घेतं, तो आकडा कसा आला हे त्याला दिसत नाही. छप्पन्न भरलं की हिरवं. त्या बाळाचे छप्पन्नच भरले गेले असते त्या दिवशी, आणि भोपाळला बसलेल्या माणसाला वाटलं असतं, चला, एक भेट पूर्ण.

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते कारण ते सगळ्यांना माहीत असायला पाहिजे आणि नसतं. त्या सहा भेटींचे मिळून दीदीला २५० रुपये मिळतात. एका भेटीला बेचाळीससुद्धा पडत नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने ठराविक कामांचा महिन्याचा मोबदला १००० चा २००० केला, त्याच्यानंतर थोडंफार वाढलंय, राज्यानेही वाढवलंय, पण त्यासाठी दरवेळी त्यांना उन्हात धरणं द्यावं लागलं. एवढ्या पैशात ती पंधरा सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट का मोजेल, बाळ शांत होईपर्यंत अर्धा तास का थांबेल, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी त्या थांबतात. दाखवलं, सोबत कोणी बसलं, कोणी म्हटलं की दीदी, तू बरोबर मोजलंस, तर थांबतात. मी त्या फलियात त्यानंतर चार-पाचदा गेले. शेवटच्या वेळी नवव्या दिवसाचं बाळ होतं, कमी वजनाचं. दीदीने सासूला दारातल्या बायांना बाहेर न्यायला सांगितलं, बाळाला दूध पाजायला लावलं, थांबली, कापड पूर्ण वर केलं, घड्याळ स्वतःच्या मांडीवर ठेवलं. एकसष्ट. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, लगेच परत मोजलं. चोपन्न. छाती आत ओढली जात नाहीये ना ते बघितलं, काखेत थर्मामीटर लावलं, आणि आईला सांगितलं की गाडीची गरज नाही, पण बाळ छातीशी धरून ठेव, मी उद्या सकाळी परत येते. यादीत उद्याची भेट नव्हती, उद्याचे पैसेही नव्हते.

हे चार-पाच फेऱ्यांमध्ये झालं. मी काही विशेष शिकवलं नाही, फक्त शेजारी बसले होते.

तर आता इंदूरच्या मराठी घरांमधल्या माझ्यासारख्या बायांना सांगायचंय. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठल्याही गल्लीत जा, एखादी रिटायर झालेली सिस्टर, मेट्रन, एएनएम सापडतेच, तब्येत ठीक, नातवंडं मोठी झालेली, हात अजून सगळं विसरलेले नाहीत. सरकारने पंधरा दिवसांनी जाणारं माणूस नेमावं हे मी मागत राहणारच, सहयोगींच्या डोक्यावरचं रजिस्टरचं ओझं काढा आणि त्यांना नर्सिंग शिकवा हेही मागत राहणार, अर्ज केलेत, अजून करीन. पण ते होईपर्यंत महिन्यातला एक दिवस आपण देऊ शकतो. तिथल्या एएनएमला आधी विचारायचं, तिच्या परवानगीने जायचं, औषध द्यायचं नाही, इंजेक्शनला हात लावायचा नाही, भाषण तर अजिबात द्यायचं नाही, दीदीबरोबर घरात जायचं आणि ती करते ते बघायचं, चुकलं तर बाहेर आल्यावर तिला एकटीला सांगायचं, घरच्यांसमोर नाही. सेकंद काट्याचं घड्याळ न्यावं, तिचं कित्येकदा बंद पडलेलं असतं आणि सेल तिला स्वतःच्या पैशाने टाकावा लागतो. मानपूरपर्यंत दीड तास लागतो, सकाळी साडेसहाला निघालं तर दुपारपर्यंत तीन घरं होतात, उन्हाळ्यात दोनच धरा.